गाडी थांबते का?

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बॉनेट उघडायच्या आधीच विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" विकणारा एक आकडा सांगतो. तो खरा नाही हे दोघांनाही ठाऊक असते, पण तो कानावर पडल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. मग कितवा मालक, किती चालली, टायर कधी टाकले, इन्शुरन्स कुठवर आहे, आणि शेवटी घसा खाकरून "फायनल कितीला बसेल?" छत्रपती संभाजीनगरात जुन्या गाड्यांचा सगळा बाजार एवढ्या चौकशीवर चालतो, आणि घर ते वाळूज, वाळूज ते घर एवढ्या संसाराला ती पुरतेही. पण ज्याच्या डोक्यात मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, जोडून हिंडायचे खूळ शिरले आहे, तोही हेच प्रश्न घेऊन बाजारात उतरतो. फार तर एक वाढवतो: "ओढेल ना?" उत्तर येते, "साहेब, डोंगर बांधा मागे!" माझे म्हणणे असे की ओढणे हा या प्रकरणातला सर्वांत सोपा भाग आहे. पहिल्या गिअरला, क्लचचा वास सहन करून, कोणतीही गाडी काहीही थोडे अंतर ओढते. मागचे टनभर ओझे घेऊन उतारावर, वळणावर, समोर म्हैस आल्यावर जी गाडी थांबते ती घ्यावी. बाकीचे गुण त्यानंतर मोजावेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आपल्याकडे कॅरॅव्हॅन ओढतो कोण? आपण एसटीने जाणारी, लॉजवर उतरणारी आणि लॉज महाग वाटली तर मावसभावाकडे उतरणारी माणसे. आक्षेप रास्त दिसतो, पण जिल्ह्याचा इतिहास त्याला साथ देत नाही. चालत्या बिऱ्हाडाचा देशातला सर्वांत गाजलेला प्रयोग इथेच झाला. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून उचलून दौलताबादला आणली. सगळी दिल्ली हलली की फक्त दरबारी, अंमलदार आणि सुफी मंडळी हलली, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. पण हजार किलोमीटरच्या वर ओढाताण झाली यात वाद नाही, आणि काही वर्षांत बिऱ्हाड उलट दिशेने निघाले यातही नाही. ओढायची ताकद सुलतानाकडे हवी तेवढी होती. कुठे थांबायचे आणि थांबल्यावर कसे निभवायचे, याचा हिशेब तेवढा राहून गेला. त्या काफिल्यात शहाणे कोण म्हणाल तर बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यासारखे सुफी. ते खुलताबादला थांबले ते कायमचे; त्यांचा दर्गा आजही तिथे आहे.

आजचे बोलायचे तर राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात घरासारखी सजवलेली मोठी वाहने आहेत, तसेच गाडीमागे जोडायचे, घडी घालता येणारे ट्रेलरही आहेत. कोणी म्हणेल, मग इंजिनासकटचे चालते घरच का घेऊ नये? घ्या, पण मुक्कामी दही संपले तर दह्यासाठी सगळे घर घेऊन बाजारात जावे लागते, एवढे लक्षात असू द्या. ट्रेलर झाडाखाली सोडून नुसती गाडी घेऊन जाता येते, हीच त्याची खरी सोय. आणि धोरण बाजूला ठेवले तरी या शहरात ओढणारे कमी नाहीत. पाण्याचे टँकर, वरातीतला जनरेटर, मांडववाल्याचा सांगाडा, हे सगळे कोणत्या तरी जुन्या गाडीच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या मागे लोंबकळतच चाललेले असते. त्यांनी गाडी निवडली तेव्हा ब्रेक पाहिला होता का, हे त्यांच्या मागून स्कूटर चालवणाऱ्याला विचारावे.

आता वजनाकडे येऊ, कारण ब्रेकचा सगळा प्रश्न वजनातून उगवतो. दोन माणसांच्या छोट्या कॅरॅव्हॅनचे वजन साडेसातशे ते हजार किलो भरते, चौघांच्या कॅरॅव्हॅनचे सव्वा ते दीड टन. इंग्लंडात हा छंद मुरलेला आहे. तिथे नवशिक्याला सांगतात की मागचे वजन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेव. बोलेरो किंवा जुनी इनोव्हा सोळाशे किलोच्या आसपास. म्हणजे तिच्या वाट्याला साडेतेराशे येतात. अल्टोच्या वाट्याला जे येते त्यात जेमतेम एक फोल्डिंग तंबू आणि दोन समजूतदार माणसे बसतील. पण हा हिशेब साहेबाचा आहे. तो दोन मग, एक किटली आणि कुत्रा घेऊन निघतो. मराठी कुटुंब सहलीला निघते तेव्हा काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. घरगुती गॅसच्या टाकीत गॅस १४.२ किलो, पण लोखंडासकट ती तीसच्या घरात जाते. तेलाचा डबा पंधरा किलोचा, कारण सुटे तेल बाहेर चांगले मिळत नाही. गाद्या घरच्याच, कारण दुसऱ्याच्या गादीवर झोप लागत नाही. शिवाय कॅरॅव्हॅनमध्ये पाण्याची टाकी असते, आणि इथल्या माणसाला रिकामी टाकी बघवत नाही. ज्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, तिथे पाणी आले की घरातले शेवटचे पातेले भरून ठेवणे हा संस्कार आहे. जायकवाडी धरण पन्नास किलोमीटरवर असूनही हा संस्कार मोडलेला नाही, तो सहलीला निघताना मोडेल ही आशा व्यर्थ. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. पाण्याच्या या हिशेबात घासाघीस चालत नाही. कंपनीच्या कागदावरची हजार किलोची कॅरॅव्हॅन सिडकोतून बाहेर पडेपर्यंत तेराशेची झालेली असते आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

त्यातही हे सामान ठेवतात कुठे, तर डिक्कीच्या सवयीने अगदी मागे. इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि ती विकणारा कधी सांगत नाही, कारण त्यालाही माहीत नसते. मागच्या एकूण वजनापैकी पाच ते सात टक्के भार हुकावर पडला पाहिजे. बाराशे किलोची कॅरॅव्हॅन असेल तर साठ ते चौऱ्याऐंशी किलो, म्हणजे एक बऱ्या तब्येतीचा मेहुणा हुकावर उभा राहील एवढा. भार त्याहून कमी पडला की वेग वाढताच मागचा डबा डावीउजवीकडे डुलायला लागतो आणि थोड्या वेळाने तोच पुढच्या गाडीला डुलवतो. अशा वेळी एक्सलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरायचे असते. घाबरून वेग वाढवला किंवा करकचून ब्रेक मारला तर दोन्ही वाहने एकमेकांना काटकोनात भेटतात. भार जास्त झाला तर उलट होते: मागून दाब पडून गाडीचे नाक उचलले जाते. जिची फक्त पुढची चाके इंजिन फिरवते अशी गाडी मग ओल्या चढावर जागच्या जागी चाके घासत बसते. म्हणूनच बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, जुनी इनोव्हा या मागच्या चाकांवर चालणाऱ्या, चेसिसवाल्या गाड्या ओढण्याच्या कामाला लोक पसंत करतात. त्यात चूक काही नाही. चूक पुढे होते. चेसिस मजबूत, इंजिन दणकट, एवढे बघून व्यवहार ठरतो, आणि ब्रेकबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

ओढताना इंजिनाला मदतनीस पुष्कळ असतात. टर्बो असतो, खालचा गिअर असतो, आणि अगदीच अडले तर उतरून ढकलणारे गावकरी असतात. उतारावर मात्र ब्रेक एकटा पडतो. वजन दुप्पट झाले की थांबवायची ऊर्जा दुप्पट होते आणि वेग दुप्पट झाला की चौपट. ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन चार चाकांच्या चकत्यांत आणि ड्रममध्ये जिरवायची असते. ज्या गाडीचे ब्रेक तिच्या एकटीच्या वजनासाठी बनवले, त्यांच्यावर मागच्या खोलीचाही बोजा येतो. आता त्या बिचाऱ्या ब्रेक ऑइलकडे बघा. बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या बाजूला, अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची एक छोटी डबी असते. जुन्या गाडीत तिच्यावर इतकी धूळ बसलेली असते की डबी आहे हेच कळत नाही. झाकण उघडले तर आत मधाच्या रंगाचा द्रव दिसायला हवा. दिसतो काळसर काढा. हा द्रव हवेतली ओल शोषतो. डॉट ३ दर्जाचे नवे ऑइल २०५ अंशांना उकळते, ओल धरलेले १४० ला. उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाखालचे पॅडल तळाला जाऊनही गाडी चालतच राहते. दर दोन वर्षांनी ते बदलायचे असते. तिसऱ्या मालकाच्या गाडीत ते पहिल्या मालकाच्या वेळचे सापडते. गाडीत घातलेल्या नव्या सीट कव्हरची किंमत मात्र पाच आकडी असते.

हे सगळे सपाट मुलखात खपून गेले असते. पुण्याकडे किंवा पैठणकडे निघालात तर रस्ता बहुतेक सरळ आणि सोपा. ब्रेकला आपण आहोत की नाही याचीही आठवण राहत नाही. पण फिरायला जाणारा माणूस इथून उत्तरेकडे जातो, कारण लेणी तिकडे आहेत. आणि उत्तरेकडे सातमाळा-अजिंठ्याचा डोंगर आहे, ज्याच्या कडेवरून रस्ता खाली उडी मारतो. अजिंठा गावाहून फर्दापूरला उतरताना घाट, कन्नडहून चाळीसगावला उतरताना औट्रम घाट. दुसऱ्या घाटाची अवस्था अशी की उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने २०२३ साली त्यातून जड वाहनांना बंदी घातली. या भूगोलातली मेख अशी की इतर ठिकाणी घाट आधी चढायचा असतो. गाडी कुरकुरली तर तिथूनच परत फिरता येते. इथे आधी उतरायचे. इंजिन बरे की वाईट हे कळण्याआधी ब्रेकची परीक्षा होऊन जाते, आणि ती पहिल्याच दिवशी, अंगात सहलीचा उत्साह आणि टाकीत शंभर लिटर पाणी असताना. ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. तो नियम इंजिनाकडून ब्रेकचे काम करून घेण्यासाठी आहे. आपला कारवाला उतारावर गाडी न्यूट्रल करतो, कारण तेवढेच ॲव्हरेज वाढते.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो जोरकस आहे. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याकडे जातात. त्या ट्रॉल्यांना कुठे ब्रेक असतो? नसतो, किंवा असून नसल्यासारखा असतो. पण ट्रॅक्टर ताशी वीस-पंचविसाने जातो, आणि वेग निम्मा म्हणजे ऊर्जा पाव, हे वर आलेच आहे. शिवाय त्या ट्रॉल्यांचे काय होते हे हंगामात स्थानिक बातम्यांचे पान उघडले की वाचायला मिळते. तो दाखला द्यायचा असेल तर पूर्ण द्यावा. युरोपात साडेसातशे किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत असा दंडक आहे, आणि त्याची साधी युक्ती बघण्यासारखी आहे. गाडीने ब्रेक मारला की मागची कॅरॅव्हॅन पुढे रेटते. त्या रेट्याने हुकाजवळचा दांडा आत सरकतो, त्याला बांधलेली तार ताणली जाते आणि कॅरॅव्हॅनच्याच चाकांचे ब्रेक लागतात. वीज नको, तेल नको. ही व्यवस्था नसलेली कॅरॅव्हॅन कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. त्यापेक्षा लॉज परवडते.

तिसरा आक्षेप माझ्याच मुद्द्यावर बेतलेला आहे. ब्रेकच महत्त्वाचा असेल तर जुनी मर्सिडीज का नको? या शहराला हा प्रश्न विचारायचा पूर्ण अधिकार आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी गट करून एका दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा होता, आणि देशभर बातमी झाली. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे त्यांचे वय आता नूतनीकरणाचे. थांबण्याच्या बाबतीत त्या कोणाला हार जाणार नाहीत हे कबूल. पण एका ब्रेक पॅडच्या जोडीचा भाव ऐकल्यावर मालक ब्रेक वापरायला काचकूच करू लागतो, आणि न वापरलेला ब्रेक नसलेल्या ब्रेकसारखाच. याहून गंमत शेंद्र्याची. तिथे २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या गेल्या, आणि युरोपात कॅरॅव्हॅनवाल्यांच्या आवडीच्या गाड्यांत ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब मोडतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, चेसिस नसलेल्या गाड्या! म्हणजे चेसिसवाल्यांचा सगळा अभिमान साहेबाच्या देशात गळून पडतो. तो का, तर तिथे कंपनीने हुकाची जागा ठरवलेली असते, किती ओढायचे ते गाडीच्या कागदावर छापलेले असते आणि मागच्या कॅरॅव्हॅनला स्वतःचा ब्रेक असतो. आपल्याकडच्या जाहिरातीत सनरूफ किती उघडते ते असते, गाडीने किती ओढायचे ते सहसा नसते. तेव्हा चेसिस हवी की नको हा वाद मी अर्धाच मानतो. कंपनीने ओढायला मुभा दिली आहे का आणि मागच्याला ब्रेक आहे का, हे दोन प्रश्न त्याच्या आधी येतात.

हुकाचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून टाकू. चिकलठाणा आणि वाळूज एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्यांना अशक्य असे काही नाही. जगभरच्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे हे शहर, एका हुकाची काय कथा! अर्ध्या दिवसात जाड पत्र्याचा हूक वेल्ड करून मिळेल आणि वर ऐकायला मिळेल, "ट्रक लटकवा, तुटणार नाही." हूक खरेच तुटत नाही. ज्या गंजलेल्या पत्र्याला तो जोडला तो पत्रा हुकासकट निघून येतो. आणि गाडीत असा बदल करायचा तर कायद्याने परवानगी लागते. ती नसली तर विमा कंपनी अपघातानंतर सगळ्यात आधी हुकाचा फोटो काढते. ट्रेलरचीही स्वतंत्र नोंदणी करावी लागते. मोटार वाहन कायदा इथे भलताच कौटुंबिक आहे: ट्रेलरचा स्वतःचा नंबर त्याच्या बाजूला, आणि जी गाडी ओढते तिचा नंबरही त्याच्यावर. माहेरचे नाव कुशीला, सासरचे पाठीला.

मग बाजारात काय बघावे? "डॉक्टरांची गाडी आहे, सिंगल हँड, फक्त घर ते दवाखाना" हे वाक्य ऐकून भुलू नये. रोज दोन किलोमीटर चाललेले डिझेल इंजिन कधी धड तापलेले नसते, आणि क्लच व ब्रेक शहरातच जास्त झिजतात. त्यापेक्षा नगर-पुणे करणारी, दीड लाख चाललेली, सर्व्हिसची बिले जपून ठेवलेल्या माणसाची गाडी मी आधी बघेन. किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवूच नये. मीटर मागे फिरवता येतो. ब्रेक पॅडलचे रबर मागे फिरवता येत नाही. मीटर चाळीस हजार म्हणतो आणि रबरावरच्या रेघा पुसून ते गुळगुळीत झालेले आहे, तर रबराचे ऐकावे. मागच्या बंपरखाली वाकून चेसिसला नट-बोल्टची जुनी भोके दिसतात का ते पाहावे. दिसली तर ती गाडी आधीच काहीतरी ओढून थकलेली आहे, मालक "लग्नात एकदाच जनरेटर जोडला होता" असे कितीही म्हणो. बोट घालून डिस्कची कड चाचपावी; बाहेरच्या बाजूला उंच काठ लागला तर चकती झिजलेली आहे. आरसीवर शहराचे जुने नाव असेल तर त्याने बिथरायचे कारण नाही, २०२३ च्या आधीच्या सगळ्याच कागदांवर ते आहे. पण त्याच आरसीवरचा बँकेचा बोजा उतरला आहे का हे जरूर बघावे, कारण ते ओझे पुढच्या मालकालाच ओढावे लागते.

आणि ट्रायल जालना रोडवर घेऊ नये. क्रांती चौकातून निघून सिडकोपर्यंत जाणाऱ्या फेरीत सिग्नलपलीकडे काही कळत नाही, आणि विकणाऱ्याला नेमके तेच हवे असते. गाडी वेरूळला न्यावी. जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर पडतात आणि परीक्षेचे सगळे पेपर त्यातच येतात: दौलताबादच्या तटातला जुना दरवाजा, ज्यातून जाताना आपल्यामागे याहून रुंद खोली असेल याची कल्पना करावी; मग खुलताबादपर्यंत चढ, आणि खुलताबादहून लेण्यांकडे उतार. गाडीत पाच धडधाकट माणसे आणि डिक्कीत पाण्याचे कॅन भरून न्यावे. चढावर एसी चालू ठेवून तापमानाच्या काट्याकडे बघावे. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये यावे, मधे तीन-चार वेळा ठरवून ब्रेक मारावा, आणि खाली पोचल्यावर पॅडल आधीइतकेच वर लागते की मऊ पडून खाली जाते ते पाहावे. चाकाजवळ जळका वास आला तर वेरूळला चहा घेऊन, आभार मानून गाडी परत करावी. डिझेलचे पैसे आपण द्यावेत. दहा-बारा लाखांच्या व्यवहारात ते काहीच नाहीत. वेरूळपर्यंत गाडी न्यायला विकणाराच तयार नसेल तर इसार देऊ नका, त्याने दोनदा किंमत उतरवली तरी.